काठ विसरायचा

वेग ही कुणाच्याही मालकीची गोष्ट नसते, हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते आणि दर वर्षी मुलं ते समजलं नसलं तरी वहीत उतरवून घेतात. मी अभियांत्रिकीच्या कॉलेजात यांत्रिकी शिकवते. वाक्याचा अर्थ साधा आहे. धावत्या गाडीत मांडीवर ठेवलेली पिशवी तुमच्या लेखी स्थिर असते आणि फलाटावरच्या माणसाच्या लेखी ती गाडीइतकीच पळत असते. दोघंही खरं बोलत असतात. बघणारा बदलला की वेग बदलतो, त्याच्याबरोबर संवेग आणि गतिज ऊर्जा बदलते, कापलेलं अंतर बदलतं, वाटेचा आकारसुद्धा बदलतो. न बदलणाऱ्या गोष्टी मोजक्याच. वस्तुमान, बल, एका क्षणी दोन वस्तूंमध्ये असलेलं अंतर, आणि दोन घटनांमध्ये गेलेला वेळ.

हे मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर आई आणि दादाला समजावून सांगावं लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

माझे वडील नदी मोजायचे. सरकारी खात्यात त्यांचं कामच ते होतं: खोली किती, प्रवाह किती, पात्र कुठे सरकलं. लाँचमधून ठरलेल्या रेषेवर वर जायचं, खाली यायचं आणि यंत्रावरचे आकडे टिपायचे. ते लाँचच्या मागच्या टोकाला यंत्राशी उभे असत आणि पुढे सुकाणू धरायला एकच माणूस असे. त्याला खात्यात सगळे रेडिओ म्हणत, कारण तो सकाळी सुरू झाला की थेट संध्याकाळी बंद व्हायचा. हे नाव बाबांनीच ठेवलं होतं. आम्हा भावंडांसाठी ते रेडिओकाका. बाबा मुलखाचे अबोल. एक बोलायचा थांबत नाही आणि दुसरा बोलत नाही, अशी ती जोडी वर्षानुवर्षं एका लाँचवर टिकली. आई म्हणायची, "दोघांची बेरीज करून भागाकार केला असता तर दोन धड माणसं झाली असती."

त्या दिवशी लाँच प्रवाहाविरुद्ध वर चालली होती. पंपहाऊससमोर बाबा मागच्या मागे पाण्यात पडले. अंगात लाइफ जॅकेट होतं. काकांना ते कळलं, त्यांनी लाँच वळवली, खाली आणली आणि वीटभट्टीच्या समोर बाबांना वर काढलं. तेव्हा ते गेलेले होते. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. ते पाण्यात पडण्याआधी की नंतर, हे सांगायला मात्र डॉक्टर तयार नव्हते.

नंतरच्या एका रविवारी दुपारी दादाने टेबलावर एक कागद ठेवला. खात्याची चौकशी मंगळवारी होती आणि घरच्यांचं म्हणणं तिथे ऐकलं जाणार होतं. कागदावर दादाने लिहिलं होतं की सुकाणूवरच्या माणसाने हलगर्जीपणा केला, शोध चुकीच्या जागी घेतला, आणि त्यामुळे आमच्या वडिलांचा जीव गेला. आम्हा तिघांच्या सह्या झाल्या असत्या तर काकांची नोकरी गेली असती. शिवाय हा आरोप जन्मभर त्यांच्या माथी राहिला असता, तो वेगळाच.

"पंपहाऊसचा ऑपरेटर स्वतः मला भेटला," दादा म्हणाला. "त्याने बाबांना पडताना पाहिलं. पाण्यावर ऊन चमकत होतं, त्यामुळे पुढचं त्याला दिसलं नाही. त्याला वाटलं, बुडाले. तो धक्क्यावर धावत आला, हातवारे केले, बोंबलला. लाँच परत खाली आली ती त्याच्या समोरून सरळ निघून गेली! तो म्हणतो, मी बोट दाखवत होतो, इथे पडलेत, इथे बघा. रेडिओने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. माणूस पडला कुठे, आणि हा शोधतोय कुठे!"

"सापडले कुठे?" मी विचारलं.

"ते सापडले वीटभट्टीशी. पण तो नशिबाचा भाग झाला."

"नशीब नाही ते, दादा. बाबांनीच शिकवलेलं आहे."

"तू आता फळा आणू नकोस."

"फळा नाही. आई, ती पट्ट्यापट्ट्यांची चादर कुठाय?"

आईने काही न विचारता चादर आणून दिली. मी टेबलावरचं मेणकापड काढलं आणि चादर अर्ध्या टेबलावर अशी पसरली की तिचे पट्टे आडवे यावेत आणि बाजूला उघडं लाकूड राहावं. लाकडावर चमचा ठेवला. हे पंपहाऊस. चमच्याच्या समोर चादरीवर काडेपेटी ठेवली, ही लाँच. आईने खोकल्याच्या बाटलीचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. ते कशासाठी हे तिला सांगावं लागलं नाही. मी ते काडेपेटीला चिकटून ठेवलं.

"चादर म्हणजे पाणी. तू तुझ्या बाजूला ओढत राहा. सावकाश, एकसारखी. मधे थांबू नकोस."

आई टेबलाच्या टोकाला उभी राहून चादर ओढू लागली. पीठ मळणाऱ्या हातांना एकसारखं ओढणं चांगलं जमतं. मी काडेपेटी उलट दिशेला नेऊ लागले, एका अंकाला एक पट्टा. एक, दोन, तीन, चार. झाकण जिथे ठेवलं होतं त्या पट्ट्यावरच होतं आणि पट्ट्याबरोबर आईकडे चाललं होतं. चारला मी पेटी वळवली आणि त्याच चालीने परत आणली. एक, दोन, तीन, चार. पेटी झाकणाला टेकली. चमचा केव्हाच मागे राहिला होता.

"पुन्हा कर," दादा म्हणाला. त्याला हातचलाखीचा संशय आला असावा.

पुन्हा केलं. आईने या वेळी जोरात ओढली. झाकण चमच्यापासून आणखी लांब गेलं, पण पेटी चार पट्टे जाऊन चार पट्ट्यांतच त्याला भेटली.

"चमच्याकडे बघितलंस तर घोटाळा होतो," मी म्हटलं. "जाताना पेटी हळू दिसते, येताना पळते, आणि झाकण स्वतःच पळून जाताना दिसतं. पट्टे बघ. पट्ट्यांच्या लेखी झाकण जागचं हललेलंच नाही. यंत्राचा तरंगता भाग सुटून पाण्यात पडला की बाबा काकांना हेच सांगायचे. काठ विसरायचा. काठावर काय पडलंय आपलं? जेवढा वेळ पुढे गेलास तेवढा वेळ मागे ये, वस्तू तिथेच असते. काका पंपहाऊसशी थांबले असते तर रिकाम्या पाण्यात शोधत बसले असते."

"मग निदान जोरात तरी यायचं!"

"इंजिनाचा वेग खुणेवर पक्का केलेला असतो. खात्याचं सील असतं त्याला. प्रत्येक फेरी एकाच वेगाने व्हावी लागते, नाहीतर मापं चुकतात. सील कुणी करून घेतलं होतं माहितीये ना?"

दादाने मान हलवली. बाबांनीच करून घेतलं होतं. दादा वाईट माणूस नाही. त्याला फक्त कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि तशी एकच व्यक्ती हाताशी होती.

त्याने कागद उचलला. तो फाडणार किंवा खिशात घालणार, एवढ्यात आई बोलली. ती अजून चादरीचं टोक हातात धरून उभी होती.

"म्हणजे जायला चार लागले तर यायलाही चारच."

"हो."

"आणि तेवढा सगळा वेळ झाकण वाहत होतं."

"हो, आई."

"हे वीटभट्टीशी सापडले. पंपहाऊसपासून वीटभट्टी काही जवळ नाही." तिने झाकण उचललं आणि मुठीत धरलं. "मग भाऊजी पुढे किती वेळ गेले होते?"

ते गणित मला येत होतं. मी ते केलं नव्हतं, इतकंच. प्रवाह किती होता हे माहीत होतं, त्याच सकाळी बाबांनी तो मोजला होता: सेकंदाला एक मीटर. पंपहाऊस ते वीटभट्टी नऊशे मीटरच्या आसपास. म्हणजे बाबा पाण्यात होते ते पाव तास. त्यातला निम्मा वेळ लाँच त्यांच्याकडे येत होती. उरलेला निम्मा वेळ ती त्यांच्यापासून दूर चालली होती.

"सात मिनिटं," मी म्हटलं. "सात-साडेसात."

"त्यांनी तर सांगितलं, आवाज झाला आणि लगेच वळलो," दादा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "जबाबात तसं लिहून दिलंय."

लगेच वळले असते तर बाबा पंपहाऊसच्या जवळपासच सापडले असते. ज्या हिशेबाने काका शोधाच्या बाबतीत निर्दोष ठरत होते, तोच हिशेब त्यांना खोटं पाडत होता. त्यातला अर्धा भाग स्वीकारून अर्धा सोडून देता येत नव्हता.

आईने चादरीची घडी घातली. मग फोन उचलला. "भाऊजी, घरी आहात? जरा येऊन जा. नाही, नाही, जेवायला नाही. हो, दोघंही आहेत."

काका तासाभरात आले. एका हातात बाबांचा डबा आणि दुसऱ्या हातात थर्मास. दोन्ही लाँचवर राहिले होते. डबा घासून आणला होता. ते खुर्चीत बसले आणि गप्प राहिले. आमच्या घरात ते गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. घरातली नेहमीची एखादी वस्तू हलवली की भिंतीवर तिचा डाग उरतो, तसं काहीसं वाटलं.

दादाने सुरुवात केली. "काका, शोधाबद्दल आमची तक्रार नाही. हिने समजावलं. तुम्ही बरोबर केलंत."

"साहेबांचीच शिकवण," काका म्हणाले.

"पण तुम्ही लगेच वळला नाहीत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.  त्यांनी डब्याची कडी उघडली आणि परत लावली.

"तू मोजलंस का, पोरी?"

"आईने मोजलं," मी म्हटलं.

"वहिनींनी?" ते हसल्यासारखे झाले. "मग तर संपलंच."

 आईने चहाचं आधण ठेवलं होतं, त्याचा आवाज येत होता.

"मी बोलत होतो," काका म्हणाले. "दुसरं काय करणार मी? गोष्ट सांगत होतो. माझ्या मेहुण्याची आणि त्याच्या कपाटाची. इंजिनाचा आवाज मोठा, म्हणून मी समोर बघून ओरडूनच बोलतो, आणि साहेब मागे ऐकतात. मधे हूं नाही की चूं नाही. सबंध गोष्ट झाली की एकदाच म्हणतात, हं. एवढंच. इतकी वर्षं तेवढंच. ते हं आलं की मी दुसरी सुरू करतो. त्या दिवशी गोष्ट संपली आणि हं आलं नाही. म्हटलं, यंत्रात काही बघत असतील. बराच वेळ थांबलो. मग मान वळवली." त्यांनी कडी पुन्हा उघडली. "मागे कुणी नव्हतं. किती वेळ नव्हतं ते माहीत नव्हतं. काठ विसरलो आणि जॅकेट दिसेपर्यंत नुसतं पाणी बघत खाली आलो. आवाज झाला असेल, मी ऐकला नाही. मला कसा ऐकू येणार? माझ्याच आवाजात होतो मी."

"मग खोटं का लिहून दिलंत?" दादाने विचारलं. त्याने ते ओरडून विचारलं नाही.

"काय लिहून देऊ? माणूस वाहून गेला आणि मी रिकाम्या लाँचला कपाटाची गोष्ट सांगत होतो?" काकांनी पंजाने तोंड पुसलं. "हसले असते रे लोक. ते हसले असते तरी चाललं असतं. पण साहेबांवर हसले असते."

चौकशीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण त्यात फारसं काही नाही. मंगळवारी काकांनी आपणहून जबाब बदलून दिला, कपाटासकट. मी शोधाचा हिशेब लिहून जोडला. दादाने आपला कागद दिला नाही. त्याऐवजी तोंडी सांगितलं की मागे उभ्या माणसाकडे सुकाणूवरच्याचं लक्ष राहील अशी कुठलीही सोय लाँचवर नव्हती, आणि ती करणं खात्याचं काम होतं. पाव तासाऐवजी दहा मिनिटं असती तर, हा प्रश्न अधिकाऱ्याने डॉक्टरांना विचारला. सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकांना समज देण्यात आली. नोकरी राहिली. आता सुकाणूसमोर एक आरसा बसवला आहे, त्यात लाँचचं मागचं टोक दिसतं. काका म्हणतात, नवीन साहेब त्यात फार जवळ दिसतात.

पण हे सगळं मंगळवारचं. रविवारी आम्ही चौघं टेबलाशी बसलो होतो आणि चहा झाला होता. आईने कप पुढे सरकवला आणि विचारलं, "भाऊजी, ह्यांनी कुठपर्यंत ऐकलं असेल?"

"काय, वहिनी?"

"गोष्ट. कपाटाची. हे पडले तेव्हा तुम्ही कुठपर्यंत आला होतात?"

दादा म्हणाला, "आई, जाऊ दे ना आता."

"तुला नसेल ऐकायचं तर आत जा."

तो गेला नाही.

मी शिकवते त्या यांत्रिकीत या प्रश्नाला उत्तर असतं.  दोन घटना एकाच क्षणी घडल्या, तर त्या काठावरच्या माणसासाठी, लाँचमधल्या माणसासाठी आणि वाहत्या पाण्यासाठीही एकाच क्षणी घडतात. त्यात कुणाच्या बघण्याने फरक पडत नाही. बाबा पडले तेव्हा एक कुठला तरी शब्द बोलला जात होता. तो कुणाच्याही लेखी दुसरा असू शकत नव्हता.

"पंपहाऊससमोर तुम्ही काय करता, काका?" मी विचारलं. "काही वळण वगैरे घेता का?"

"धक्क्याचा जुना खांब आहे पाण्यात. तो चुकवायला डावीकडे घेतो." ते थांबले. त्यांचे हात टेबलावर सुकाणू धरल्यासारखे झाले आणि किंचित डावीकडे वळले. "घेतलं... आणि घरमालक आला. हो. घरमालक आला तिथे."

"सांगा मग," आई म्हणाली. "सुरुवातीपासून."

काकांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. मग समोरच्या भिंतीकडे पाहून सुरू केलं. त्यांना तशीच सवय होती.

"माझ्या मेहुण्याने जुन्या बाजारातून कपाट घेतलं. लाकडी. एवढं थोरलं की त्यात बिऱ्हाड करावं. बायको म्हणाली, जिन्यातून जाईल का? हा म्हणाला, मी टेप लावून बघितलंय. आता हा टेप लावणार म्हणजे काय, ते साहेबांना ठाऊक होतं, याने एकदा स्वतःच्या लग्नाचा कोट दुकानात मोजला आणि घरी येऊन... ते जाऊ दे. कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. वरही जाईना, खालीही येईना. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर, त्यांना खाली दवाखान्यात जायचं. ते वर अडकले. पेशंट खाली अडकले. मेहुणा म्हणाला, आतली फळी काढली की हलकं होईल. म्हणून हा शिरला आत. हा आत शिरला, कपाट कललं आणि दार बसलं बंद. बसलं ते बसलंच. तेवढ्यात खालून घरमालक आला. कपाटावर थाप मारली आणि म्हणाला, 'कुणाचं आहे हे?'"

काका थांबले.

"इथे," ते म्हणाले.

 बाबांनी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते होतं: कुणाचं आहे हे. मला ते बरं वाटलं की वाईट, हे मी ठरवलेलं नाही. आईने मूठ उघडून झाकण टेबलावर ठेवलं आणि मग ते बाटलीला लावलं.

"पुढे," ती म्हणाली.

"वहिनी, पुढे नुसता वेडेपणा आहे."

"असू दे. पुढचं त्यांनी ऐकलं नाही ना? मग मी ऐकते."

काकांनी घसा साफ केला. आवाज आधी बसलेला होता, मग हळूहळू चढला, इंजिनावरून बोलावं लागतं तेवढा.

"तर घरमालक म्हणाला, कुणाचं आहे हे? आतून मेहुणा म्हणाला, कोण आहे? घरमालक म्हणाला, मी मालक. आतून हा म्हणतो, कपाटाचे?"

दादाच्या नाकातून आवाज आला. त्याने तोंडावर हात धरला.

"मग डॉक्टरांनी वरून आपली हत्यारं आणली. दातांचीच. त्यांनी कपाटाची पाठ उचकटली, दाढ काढावी तशी. पाठ निघाली, मग आतून लाथ घालून दारही उघडलं. डॉक्टर पाठीतून शिरले, मेहुण्याला नमस्कार केला आणि दारातून खाली उतरले. त्यांच्या मागून सगळी बिल्डिंग. संध्याकाळभर लोक कपाटातून येतायत-जातायत, आणि मेहुणा दार धरून उभा. पावलं जपून, फळी आहे. शेवटी काय! कपाट तिथेच आहे. ते कुणी काढत नाही. आता त्याला बेल लावलीये."

गोष्ट संपली. काका भिंतीकडे बघत बसून राहिले. त्यांचे हात टेबलावर होते तसेच होते. ते थांबले होते, आणि कशासाठी हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आई म्हणाली, "हं."